ठकूबाईच्या टीव्हीतल्या मुंग्या

ठकूबाईने चार शेळ्या विकून टीव्ही घेतला आणि टीव्हीत निघाल्या मुंग्या.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. कुणालाही एवढंच सांगितलं तरी तो आधी हसतो आणि मग पुढचं विचारतो. वाडीनेही तेच केलं. हसला नाही तो एकटा श्रीपत, कारण शेळ्या विकायला आईच्या मागे लागणारा तोच होता. कर्जतला रेल्वेच्या सिग्नल खात्यात तो खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी, होता. दिवसभर वायरी जोडायच्या, म्हणून वाडी त्याला इंजिनेर म्हणे, आणि हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं. कर्जतच्या बाजारात गजाच्या रेडिओ दुकानात हा जुना टीव्ही त्याने स्वतः लावून पाहिला होता. चित्र असं लख्ख, की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजून घ्यावेत. पण कर्जत पडलं उघड्यावर आणि ही वाडी पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या काखेत. मुंबईहून निघालेलं चित्र डोंगर ओलांडून खाली उतरणार कसं, हा विचार इंजिनेरच्या डोक्यात शेळ्या गेल्यावर आला.

ठकूबाईला टीव्हीचा सोस नव्हता. तिला घरात माणसं बसायला हवी होती. ती नवी नवरी होती तेव्हा गावात पहिला रेडिओ आला तो वरच्या आळीत, मोठ्या घरी. वाडीतली माणसं तो अंगणाच्या कडेला उभी राहून ऐकत. 'बसा' म्हणायची तिथे रीत नव्हती. पुढे छप्पन साल आलं, धम्म घेतला, माणसं ताठ झाली आणि दुसऱ्याच्या अंगणात उभं राहणं सुटलं. तरी तिच्या मनात एक राहूनच गेलं होतं. आपल्या घरात असं काहीतरी असावं, आणि लोकांनी येऊन चटईवर ऐसपैस बसावं. श्रीपतला हे ठाऊक होतं. म्हणूनच त्याला ती मुंग्यांची गोष्ट जास्त लागली.

तो रविवार आठवला की अजून त्याचे कान तापत. आईने चार दिवस आधीपासून हापशीवर सगळ्यांना पिक्चरचं आवतण दिलं होतं. शेजारच्या चटया मागून आणल्या, चाळीस कप चहा टाकला. माणसं बसली. बटण दाबलं, आणि काचेवर पांढऱ्या-काळ्या मुंग्यांचं वारूळ फुटलं. श्रीपत अँटेना घेऊन कौलांवर चढला. मग बांबूवर बांबू बांधला. शेवटी परसातल्या आंब्यावर चढून तो ओरडायला लागला, "दिसतंय काय?" आणि खालून अख्खी वाडी एका सुरात, "मुंग्याऽऽ!" एकदा म्हणे कुणाचं तरी नाक दिसलं होतं, पण त्याचीही खात्री कुणी देईना.

चहा संपला, माणसं उठली. शेजारची गंगाबाई मात्र घरी जाऊन परत आली ती हातात कागदाची पुडी घेऊन.

"ठकूबाई, ही साखर ठेव गं. तुज्या टीव्हीतल्या मुंग्यांना टाक. उपाशी ऱ्हायल्या बिचाऱ्या."

जी माणसं दारात पोचली होती ती पुन्हा आत येऊन हसली. ठकूबाई जिभेची तिखट. वाडीत तिला उत्तर देऊन कुणी घरी सुखाने जेवलं नव्हतं. पण त्या दिवशी ती काही बोललीच नाही. पुडी तिने टीव्हीच्या डोक्यावर ठेवली, टीव्हीची लाकडी दारं सरकवून बंद केली आणि वर दोन गोधड्या टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून तिने हापशी सोडली आणि पाणी लांबच्या ओहळावरून आणायला सुरुवात केली.

घरात तिच्याऐवजी जातं बोलू लागलं. कर्जतला गिरणी होऊन पंधरा वर्षं झाली होती. वाडीतल्या बाकीच्या जात्यांवर कोंबड्या बसत. ठकूबाई मात्र भाकरीचे तांदूळ घरीच दळी. गिरणीचं पीठ जळकं लागतं म्हणे. त्यावरूनही गंगाबाई तिला चिडवायची, "पोरगा रेल्वेत नि म्हातारी जात्यावर!" आता ती पहाटे दळायला बसली की जात्याचा आवाज श्रीपतला शिव्यांसारखा ऐकू येई. आईने चार शिव्या तोंडाने दिल्या असत्या तर त्याने लाडू म्हणून खाल्ल्या असत्या.

भाताची लावणी आटोपली त्या सुमाराला गजाच्या दुकानात त्याला एक जुनं मासिक दिसलं. रेडिओवाल्यांचं, आकृत्यांनी भरलेलं. मधल्या पानावर लिहिलं होतं की टीव्हीवर खेळायचा खेळ घरी बनवा. काचेच्या दोन कडांना दोन उभ्या काठ्या. म्हणजे त्या बॅटी. मध्ये जाळी, आणि इकडून तिकडे धावणारा एक पांढरा चेंडू. दोघांनी दोन बटणं फिरवून काठ्या वर-खाली करायच्या आणि चेंडू अडवायचा. कुणाचा चुकला की दुसऱ्याला एक गुण. आधी पंधरा करील तो जिंकला. श्रीपतने हे वाचलं आणि शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. या खेळाला अँटेना लागत नव्हती. चित्र मुंबईहून यायचंच नव्हतं. ते घरच्या घरी तयार होऊन वायरीने टीव्हीत जायचं. डोंगर गेला उडत!

आता अडचण एकच होती. सामान. घरात शिल्लक होते दीडशे रुपये, आणि ते होते चंद्राचे. चंद्रा म्हणजे श्रीपतची बायको. तिने ते वातीच्या स्टोसाठी तांदळाच्या मडक्यात जमवले होते. मासिकातल्या यादीला लागणार होते तीनशेच्या वर.

चंद्राने सगळं ऐकून घेतलं. मग मडकं पुढ्यात ओढलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

"स्टो थांबंल. आत्याबाई ओहळावर जातात ते मला बघवत नाय. पण एकेक वस्तू मला सांगायची. ती कशाला लागते, नि नसली तर काय होतंय."

दोघं चुलीपुढे बसली. श्रीपतने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही आयसी. काळी, बोटाएवढी, नि अठ्ठावीस पाय."

"मुंग्या घालवायला गोम आणायची?"

"सगळा खेळ हिच्या पोटात हाय गं. ही नाय तर काय नाय."

"म्हंजे भातातला तांदूळ. ऱ्हाऊ द्या. पुढं?"

"जोडकामाची छापील पट्टी."

"साध्या पट्टीवर नाय जोडता येत?"

"येतं. पण तीन रविवार जातील."

"जाऊ देत. नायतरी रविवारी तुमी आंब्यावरच आसता."

छापील पट्टी गेली. घरच्या विजेवर चालवायचा डबा गेला, त्याच्या जागी टॉर्चचे सहा सेल आले. चार वेगवेगळ्या खेळांचं बटण गेलं, कारण एक खेळ लागला तरी मिळवली, असं चंद्राचं मत पडलं. एका कोपऱ्यात बंदुकीचं चित्र होतं. ती धरून काचेवरच्या ठिपक्याला गोळी घालता येते, असं श्रीपत जरा लाडात येऊन सांगू लागला.

"कुणाला घालायची गोळी? गंगाबाईला?"

बंदूक गेली. मग आली पेटी.

"प्लास्टिकची मिळते, पण मी म्हणतो पत्र्याचीच पायजे. धातूची नसली तर चित्र हलतं."

चंद्राने फळीवरच्या डब्यांवरून नजर फिरवली. मिठाचा डबा, चहाचा डबा, मसाल्याचा डबा. एकेकाला ती मनातल्या मनात पारखत गेली आणि शेवटी तिची नजर थांबली ती श्रीपतच्या जेवणाच्या डब्यावर. ॲल्युमिनियमचा, चौकोनी, झाकणाला कडी.

"आगं, मी कामावर भाकरी कशात नेऊ?"

"फडक्यात. तुमच्या आबांनी जन्मभर फडक्यातच नेली. ते काय उपाशी मेले?"

अशी यादी निम्मी झाली. सामान आणायला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या रेडिओ बाजारात एकट्याने जाण्याची परवानगी मात्र त्याला मिळाली नाही. लग्नाचा बस्ता बांधायला बाप्या एकटा जातो का, असा तिने सवाल केला आणि ठेवणीतलं लुगडं नेसून ती त्याच्याबरोबर निघाली.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने असं गिऱ्हाईक आजवर पाहिलं नसावं. चंद्राने आयसी तळहातावर घेतली, उलटी केली, तिचे पाय मोजले आणि ते अठ्ठावीसच भरले तेव्हा विचारलं, "जुना माल नाय ना?" भाव नव्वद सांगितला. ती साठवर बसली. श्रीपत शरमेने वरचा पंखा बघत उभा राहिला. अर्ध्या तासाने गोमेचा सौदा अठ्ठ्याहत्तरला जमला. बाकीचं बारीकसारीक सामान आलं आणि चंद्राने पदर खोचला.

"आता वर काय देता?"

"वर मतलब?"

"वर म्हंजे वर. आमच्या कडावच्या बाजारात भाजी घेतली तर मूठभर कोथमीर वर देतात. वर घेतल्याशिवाय आमी पिशवी उचलत नाय."

"बहेन, ये भाजी का दुकान नहीं है."

पण ती हललीच नाही. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. यादीत आता एकच वस्तू उरली होती, खेळायची दोन फिरती बटणं, आणि हातात उरलं होतं जेमतेम परतीचं भाडं. चंद्राने तीच मागितली. दुकानदाराने कंटाळून खालच्या खोक्यात हात घातला आणि दोन बटणं तिच्यापुढे टाकली.

"लो. लेकिन ये रेडियो के आवाज का है. चलेगा, मगर एक सरीखा नहीं चलेगा."

श्रीपतला त्याचा अर्थ चांगला कळला. खेळाला हवं होतं सरळ चालीचं बटण, जेवढं फिरवाल तेवढीच काठी हलवणारं. हे रेडिओचं बटण आधी नुसतं कुरकुरणार आणि नंतर एकदम उसळणार. त्याने तोंड उघडलं. पण चंद्राने ती बटणं लढाईतून तोफ जिंकून आणावी अशा डौलात पिशवीत टाकली होती, की त्याने तोंड मिटून घेतलं. नवऱ्याने कधी काय बोलू नये एवढं त्याला समजत होतं. कधी बोलावं, ते अजून समजायचं होतं.

गजाकडून वायरी डागायची सोल्डरची इस्त्री मागून आणली आणि तीन रविवार श्रीपत ओटीवर वाकून बसला. पट्टीवर गोम बसवली, तिच्या पायांना वायरी जोडल्या, जेवणाच्या डब्याला भोकं पाडली. ठकूबाई येता-जाता बघे आणि पुढे निघून जाई. एकदा मात्र थांबली.

"आता काय, गोगलगायी दाखवतोस काय रं?"

महिनाभरात आई त्याच्याशी एवढंच एक वाक्य बोलली होती. श्रीपतला तेवढ्यानेही बरं वाटलं.

तिसऱ्या रविवारी ठकूबाई शेतावर गेल्याचं बघून दोघांनी गोधड्या टीव्हीच्या डोक्यावरच दुमडून ठेवल्या, दारं सरकवली, वायर टीव्हीला लावली आणि बटण दाबलं. आधी मुंग्या आल्या. श्रीपतने टीव्हीचा चॅनल कट्‌कन फिरवला, डब्यातला एक स्क्रू हळूच पिळला, आणि मुंग्या अशा पुसल्या गेल्या की जणू कुणी काच सारवून काढली. काळ्याभोर काचेवर दोन पांढऱ्या काठ्या उभ्या राहिल्या. मधोमध तुटक जाळी. आणि टुक्, टुक् करत चेंडू निघाला. चंद्रा ओरडली. श्रीपतला चक्क रडू आलं.

मग त्यांनी बटणं फिरवून पाहिली. अर्ध्या फेऱ्यापर्यंत काठी जागची ढिम्म हलेना. त्यानंतर केसभर फिरवलं की ती एका उडीत माथ्याला जाई. चेंडू या बाजूने सुटे, त्या बाजूने सुटे, अडे कुठेच नाही.

"असं काय करतंय हे?"

श्रीपतने मान खाली घातली आणि दुकानदार काय म्हणाला होता ते सांगून टाकलं.

"मंग तवाच का नाय बोललात?"

"तू एवढी खूश होतीस."

चंद्राने कपाळावर हात मारला. तिला राग यायला हवा होता, पण आलं हसू, आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला.

"आता काय करायचं? मी हापशीवर सांगून आलेय. म्हटलं, आज चारला या, मुंग्या गेल्या आमच्या."

श्रीपतने दाराबाहेरच्या उन्हाकडे बघून वेळ जोखली. घरात एक सासू होती ती पुरे नव्हती, आता सूनही आवतणं देऊ लागली होती. आणि आज पुन्हा हसं झालं, तर आई ओहळावरून परत यायची नाही, याची त्याला खात्री होती.

चारला वाडी हजर. सगळ्यांत पुढे गंगाबाई. ठकूबाई शेतावरून आली ती दारातल्या चपला बघूनच समजली. तिने श्रीपतकडे एकदा पाहिलं, सूप उचललं आणि मागल्या पडवीत जात्यापाशी जाऊन बसली. घरघर सुरू झाली ती नेहमीपेक्षा मोठी.

चित्र उमटल्यावर सगळे एकदम पुढे झुकले. श्रीपतला ते फार गोड वाटलं, पण टिकलं नाही. रेल्वेच्या गँगवर मुकादम राहिलेला धर्माजी पहिला खेळायला बसला आणि त्याचे पाच चेंडू लागोपाठ सुटले. मग पांडू आला. रूळ वाकवील एवढं त्याच्या मनगटात बळ, पण काठी एकदा वर उडाली ती खालीच येईना. शेवटी गंगाबाईने एक बटण हातात घेतलं आणि समोर चंद्राला बसवलं. दोघी खेळत नव्हत्या, एकमेकींना गुण वाटत होत्या. पाच मिनिटांत डाव आटोपला. गंगाबाई जिंकली ती केवळ चंद्राने आधी पंधरा चुका संपवल्या म्हणून.

"ठकूबाई," गंगाबाईने पडवीकडे तोंड करून हाळी दिली, "मुंग्या गेल्या नि पिसू आली गं तुज्या टीव्हीत! नुसती उड्या मारते!"

घर हसलं. श्रीपतने डोळे मिटून घेतले. आता सेल काढावेत, डबा घासून उद्यापासून त्यात भाकरी न्यावी, एवढंच त्याच्या मनात आलं.

आणि जातं थांबलं.

ठकूबाई दारात येऊन उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. ती टीव्हीकडे बघत नव्हती, गंगाबाईच्या हाताकडे बघत होती. गंगाबाईने दुसरा डाव लावला होता आणि बटणाला ती हिसक्यावर हिसके देत होती. बराच वेळ ठकूबाईने ते पाहून घेतलं.

"गंगे, झटके काय देतेस? सुरुवातीला बटण जड हाय, पुढं हलकं हाय. दिसत नाय तुला?"

"बटणात कसलं आलंय जड नि हलकं?"

"जात्यात कसं आसतं? खुंटा आपल्याकडं ओढताना जड, पल्याड गेला की हलका. जडाला दाबायचं, हलक्याला आवरायचं. गिरणीच्या रांगेत उभं राहून दळणं इसरलीस तू." मग ती सुनेला म्हणाली, "सर गं, चंद्रे."

ती मांडी घालून बसली. पिठाच्या दोन बोटांत तिने बटण धरलं, आणि आधी दोन-तीन चेंडू मुद्दामच जाऊ दिले, हाताला जागा कळेपर्यंत. चौथा चेंडू आला. तिने बटण दाबून सावकाश अर्ध्यावर नेलं आणि तिथून पुढे जणू त्याला हात लावलाच नाही. काठी इंचभर सरकली आणि थांबली. टुक्. चेंडू परत गेला. गंगाबाईची काठी माथ्यावर जाऊन आदळली. एक गुण.

"आयला!" धर्माजी म्हणाला.

पुढचं सांगायला नको. चाळीस वर्षं पहाटे फिरलेलं मनगट ते. गंगाबाई उसळत होती, घामेजत होती, बटणाला शिव्या देत होती. ठकूबाईची काठी मात्र जिथे हवी तिथे आधीच जाऊन उभी. हसणारी माणसं आता तिच्या बाजूने ओरडू लागली. सात, नऊ, बारा. दारात उभी असलेली माणसं पुढे सरकली, आणि चटईवर जागा नव्हती म्हणून खाली जमिनीवर बसली. श्रीपत भिंतीला टेकून आईकडे बघत होता. ती ओठ घट्ट मिटून, भुवया जवळ आणून चेंडू बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा महिन्याभराचा तो दगड कुठे गेला ते त्याला कळलंच नाही. त्याच्या छातीवरचाही उतरला.

पंधरा आणि चार. डाव संपला.

ठकूबाई उठली, लुगड्याला हात पुसले, टीव्हीच्या डोक्यावरच्या गोधड्यांच्या घडीखाली हात घातला आणि ती पुडी काढली. श्रीपतला वाटलं होतं, आईने ती त्याच दिवशी फेकून दिली असेल. पुडी सोडून तिने साखर गंगाबाईच्या हातावर ओतली.

"घे. मुंग्या गेल्या, आता तूच खा."

माणसं हसून हसून एकमेकांवर कलंडली. गंगाबाईने हातावरची साखर सरळ तोंडात टाकली. काही झालं तरी बाई खिलाडू होती. हात चाटून झाल्यावर ती ठकूबाईच्या जवळ सरकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, पण ते सगळ्यांनी ऐकलंच,

"ठकूबाई, तुजं जातं देशील काय गं चार दिस? माज्या जात्याचा खुंटा मोडलाय."

"जातं मी घराबाहेर देत नाय," ठकूबाई म्हणाली. "दळायचं आसंल तर इथं येऊन बस."

दुसऱ्या दिवशी श्रीपत फडक्यात भाकरी बांधून कामाला निघाला तेव्हा हापशीवर आई सगळ्यांत पुढे उभी होती आणि तिचं तोंड पूर्वीसारखं चाललं होतं. तो वळणावर पोचला तेवढ्यात गंगाबाई डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन त्याच्या दाराकडे चाललेली त्याला दिसली.